आधी जोडी फोडा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात मुकाट चालणाऱ्या मशीनांकडे लोकांचं लक्ष गेलं. इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेलं मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ची सोय, अशी तिथली अट आहे. मग नवं कॅबिनेट येतं, टेबलावर जुन्याशेजारी उभं राहतं आणि प्रश्न सुरू होतो : आतलं सगळं इकडून तिकडे न्यायचं कसं?

जुन्या मशीनमध्ये मिरर असेल, तर प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो. मिरर हा रेडचा एक प्रकार : दोन डिस्क आणि दोन्हींवर अक्षर न अक्षर तेच. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. बऱ्याच लोकांचा असा समज असतो की दोन प्रती आहेत, म्हणजे हलवणं दुप्पट सुरक्षित. माझं मत उलटं आहे. ते का, हे खालच्या संवादातून कळेल. मामा सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि एएमसीचं काम करतात, भाची पुण्यात एका कंपनीचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. दोघं पात्रं म्हणून उभी केली आहेत, पण त्यांचा वाद या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

मामा : छापखान्याचं मशीन आहे. पेजमेकर, श्रीलिपी, जुने फॉन्ट, प्रिंटरचं सेटिंग, सगळं घडी बसलेलं. मी दोन्ही डिस्क काढणार, नव्या कॅबिनेटमध्ये लावणार, बायोसमध्ये रेड चालू करणार. जुना बोर्ड इंटेलचा, नवाही इंटेलचा. चहा थंड व्हायच्या आत काम होतंय.

भाची : मी असते तर नव्या मशीनवर नवीन विंडोज टाकलं असतं. वर सॉफ्टवेअर टाकायचं आणि फायली बॅकअपमधून आणायच्या. एखादा दिवस जाईल, पण जुनी घाण मागे राहील.

मामा : टाकायचं कुठून? पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन ७, ते २००१ सालचं. सीडी कुणाकडे आहे, हे मालकांनाही माहीत नाही. सीरियल नंबर ज्या खोक्यावर होता ते खोकं रद्दीत गेलं. आणि फॉन्टचं तर विचारू नकोस. ज्या आवृत्तीच्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवलाय तोच फॉन्ट नसेल, तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिकांचे नमुने, गावच्या यात्रेची हँडबिलं, सगळं त्यातच. तुझ्या सर्व्हरचं बरं आहे, एक आज्ञा दिली की पॅकेज उतरतं. इथे जे बसलंय तेच भांडवल.

भाची : युनिकोडवर आणा म्हणून किती वर्षं सांगतेय.

मामा : पुढच्या लग्नसराईनंतर आणू. आत्ता मशीन हलवायचंय.

इथे मामांचं म्हणणं मला पटतं. ‘नव्यानं टाका’ हा सल्ला पाठ्यपुस्तकात शोभतो, कारण पुस्तकात प्रत्येक सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर शिल्लक असतो. छोट्या कार्यालयांत चालू असलेली बूट डिस्क हीच सेटअपची एकमेव नोंद असते. ती कुणी लिहून ठेवलेली नसते. ती वर्षानुवर्षं साचत गेलेली असते. त्यामुळे डिस्क हलवायची, हे ठरलं. भांडण आहे ते एक हलवायची की दोन्ही, यावर.

भाची : बरं, हलवूया. पण दोन्ही एकदम नाही. आधी सांगा, हा मिरर केलाय कुणी? विंडोजनं, वेगळ्या कार्डानं, की बोर्डानं?

मामा : बोर्डानं. चालू करताना कंट्रोल-आय दाबलं की इंटेलची पाटी येते ना, तिथून केलेला.

भाची : म्हणजे इंटेलनं जोडीची ओळख प्रत्येक डिस्कच्या अगदी शेवटी लिहिलेली आहे. शेवटून दुसऱ्या सेक्टरपाशी. कोणत्या दोन डिस्कची जोडी, कितव्या क्रमांकाची, शेवटची नोंद कोणती.

मामा : मग चांगलंच की! नवा इंटेलचा बोर्ड डिस्कवरची ती पाटी वाचणार आणि जोडी ओळखणार. मी केलंय हे. इंटेलवरून इंटेलवर जोडी आपणहून उभी राहते. एएमडीच्या बोर्डाला ती कळत नाही, हे मान्य.

भाची : पूर्वी चाललं असेल. पण अकराव्या पिढीपासून इंटेलनं रेडचं काम व्हीएमडी नावाच्या भागामागे नेलंय. जुन्या डिस्कवरच्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही. बोर्ड जोडी ओळखेल, विंडोजचा लोगो येईल, गोल फिरेल आणि मग निळी स्क्रीन : बूट डिव्हाइस सापडत नाही.

मामा : सेव्हन-बी.

भाची : तोच. शून्य-एक्स-सेव्हन-बी. डिस्क धडधाकट, विंडोजही धडधाकट, फक्त डिस्कपर्यंत पोचायचा ड्रायव्हर चुकीचा. आणि तुम्ही बायोसमध्ये रेड बंद करून, एएचसीआय, म्हणजे सुट्या डिस्कची पद्धत, चालू करून पुन्हा बघणार. खरं की नाही?

मामा : बघणारच. त्यात काय वाईट? मिररची डिस्क सुटी लावली तरी वाचता येते. मजकूर सुरुवातीपासून साधाच असतो, पाटी शेवटी. हाच तर बोर्डाच्या मिररचा फायदा.

भाची : आणि हाच धोका. रेड बंद असताना दोन्ही डिस्क मशीनमध्ये आहेत. समजा, विंडोज त्यातल्या एकीवरून चालू झालं. दोन मिनिटं चाललं, तेवढ्यात लॉग, रजिस्ट्री, पेजफाइल, शंभर ठिकाणी लिहिलं. दुसरी डिस्क जिथे होती तिथेच. आता तुम्ही पुन्हा रेड चालू केलं. शेवटची पाटी दोन्हीवर जशीच्या तशी आहे, कारण तिला कुणी हात लावला नाही. बोर्ड काय म्हणेल?

मामा : नॉर्मल.

भाची : हिरव्या अक्षरात नॉर्मल! आणि आत दोन डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी. मिरर वाचताना कधी हिच्याकडून वाचतो, कधी तिच्याकडून. फोल्डरची यादी एकीवरची, फाइल दुसरीवरची. चेकडिस्क चालवलीत, तर ती अर्ध्या गोष्टी एका डिस्कवर बघून दुरुस्ती दोन्हीवर लिहील. डिस्क तुटली असती तर बरं, कळलं तरी असतं. यात काहीच कळत नाही, दिवाळी अंकाची फाइल उघडत नाही तोपर्यंत.

मामा थोडा वेळ गप्प राहिले असतील, असं समजू. हा धोका बोर्डाच्या मिररपुरता नाही. लिनक्सच्या एमडी मिररमध्ये ओळखपत्र डिस्कच्या शेवटी ठेवायची जुनी पद्धत होती, ०.९० आणि १.० या आवृत्त्यांत. फायदा असा की मिररचं ज्ञान नसलेला बूटलोडरही ते विभाजन साधं समजून वाचू शकतो. पण वाचू शकतो म्हणजे लिहूही शकतो. आताच्या १.२ आवृत्तीत ओळखपत्र सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असतं, त्यामुळे ती डिस्क कुणाला चुकून साधी वाटत नाही. सोय कमी झाली आणि सुरक्षितता वाढली, असा तो व्यवहार आहे. मला तो चांगला वाटतो.

मामा : मग तुझं म्हणणं काय? मिरर असूनही उपयोग नाही?

भाची : डिस्क मेली तर उपयोग आहे. माणसाच्या हातून चूक झाली तर नाही. तुम्ही चुकीची फाइल पुसली, तर मिरर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसतो. मशीन हलवायचा दिवस म्हणजे चुका होण्याचा दिवस. केबल उलटसुलट लागते, बायोसचं सेटिंग बदलतं, ‘इनिशिअलाइज करू का’ असा प्रश्न येतो आणि घाईत ओके दाबलं जातं. त्या दिवशी दोन्ही प्रती एकाच पेटीत कशाला? आधी जोडी फोडा. एक डिस्क बाहेर काढा, कपाटात ठेवा. मग उरलेल्या एकीवर काय करायचं ते करा.

मामा : हे तर मी पण करतो! एक काढून ठेवायची. बिघडलं तर ती लावायची, झालं.

भाची : ‘ती लावायची’ इथेच अडतं. कुठे लावायची?

मामा : जुन्या मशीनमध्ये. पहिल्या जागी.

भाची : दुसरी आत असताना?

मामा : असली तर काय?

भाची : एक काढल्यावर जुनं मशीन नुसतं चालू केलंत, तरी बोर्ड उरलेल्या डिस्कच्या पाटीवर लिहितो : जोडीदार गायब, डिग्रेडेड. नोंदीचा आकडा पुढे जातो. आता कपाटातली परत लावली, की बोर्डाच्या दृष्टीनं ती जुनी, शिळी. तो बिघडलेल्या डिस्कवरचं सगळं चांगल्या डिस्कवर ओततो. रीबिल्ड! निळी पट्टी सरकत जाते आणि तुमची शिल्लक प्रत तुमच्या डोळ्यांदेखत पुसली जाते. आणि हे बोर्डाच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. त्याला कोणती चांगली ते माहीत नाही, कोणती नवी तेवढंच माहीत आहे.

या दोन धोक्यांतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात बोर्डाला काहीच कळत नाही आणि दोन वेगळ्या डिस्कना तो एकसारख्या मानतो. दुसऱ्यात त्याला फार जास्त कळतं आणि तो आपणहून कामाला लागतो. दोन्हींवर उतारा एकच. कपाटातली डिस्क त्या पेटीत परत लावायची असेल तर एकटीच लावायची, दुसरी केबलपासून सुटी असताना. आणि जोडीदार म्हणून तिच्याशेजारी बसवायची ती कोरी डिस्क.

मामा : चाळीस वर्षं झाली असतील या रेडला, आणि अजून त्याला एवढंही कळत नाही?

मामांचा हिशेब फारसा चुकलेला नाही. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी रेडवरचा निबंध १९८८ मध्ये मांडला. मोठ्या मेनफ्रेमच्या आयबीएम ३३८० सारख्या महागड्या डिस्कऐवजी पीसीसाठीच्या छोट्या, स्वस्त डिस्कची फौज उभी करावी, असा त्यांचा मुद्दा होता. छोट्या डिस्क पुष्कळ असल्या की त्यांतली एखादी आज ना उद्या जाणार, म्हणून जादा प्रतीची तरतूद. मिररिंग त्यांनी शोधलं नव्हतं. टँडेमसारख्या कंपन्यांच्या न थांबणाऱ्या संगणकांत ते आधीपासून होतं. त्यांनी त्याला पहिली पातळी असं नाव दिलं आणि ही सगळ्यात खर्चिक पद्धत आहे असं नोंदवून पुढच्या पातळ्यांकडे गेले. त्यांच्या गणितात डिस्क निकामी होणं होतं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावणारा माणूस त्या गणितात नव्हता, आणि मामांनी तक्रार करायची तर ती याबद्दल करावी.

मामा : बरं, जोडी फोडली. एक कपाटात. दुसरी नव्या मशीनला लावतो, एएचसीआयवर. आता तर चालेल?

भाची : आधी मालकांच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मिररला बॅकअप समजू नका, एवढं तरी ऐका. मग दोन्ही डिस्कची स्मार्टची माहिती बघा. पेंडिंग सेक्टर शून्य नसतील, तर ती डिस्क कपाटात ठेवायच्या लायकीची नाही, आणि कोणती काढायची हे त्यावरून ठरवा. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, तेव्हापासून एकत्र फिरतायत, एकत्रच म्हाताऱ्या झाल्यात. एवढी वर्षं तापलेली डिस्क बंद होऊन थंड झाली की पुन्हा फिरेलच, याची खात्री नसते.

मामा : हे बरोबर. बंद करेपर्यंत ठीक असतात, चालू करताना रडतात.

भाची : मग एक काढा, तिच्यावर मार्करनं तारीख लिहा. जुनं मशीन उरलेल्या एकीवर चालू करा आणि विंडोजला सांगा, पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये ये. मग बंद करा.

मामा : सेफ मोड कशाला?

भाची : रोज रेडवरून चालणारं विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उचलायचा नाही असं ठरवून बसलेलं असतं. ड्रायव्हर आत असतो, फक्त वापरात नसतो. सेफ मोडमध्ये ते हे ठरलेलं बाजूला ठेवतं, सगळे मूळ ड्रायव्हर उचलून बघतं आणि जो चालला त्याची नोंद करतं. एकदा तसं चालू झालं की सेफ मोडचं सेटिंग काढून टाकायचं, पुढच्या वेळी सरळ येतं.

मामा : ही युक्ती चांगली आहे. आम्ही रजिस्ट्रीत जाऊन आकडे बदलायचो. पण अगं, मशीन बंद केल्यावर ती डिस्क थेट नव्यात लावू की नको?

भाची : लावू नका. तिची प्रत काढा, नव्या एसएसडीवर. प्रत काढताना ती दुसऱ्या विंडोज मशीनला यूएसबीनं लावू नका. विंडोजला डिस्क दिसली की ते काहीतरी लिहितंच. क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि डिस्क-टू-डिस्क घ्या. एसएसडी मोठी असेल तर इंटेलची ती शेवटची पाटी नव्या डिस्कच्या शेवटी पडणार नाही, आली तरी मधेच कुठेतरी राहील आणि तिला कुणी ओळखणार नाही. आपल्याला तेच हवंय. एसएसडी अगदी तेवढ्याच सेक्टरांची निघाली, तर मात्र पाटीही बरोबर येऊ शकते. ती पुसून टाका.

मामा : म्हणजे नव्या मशीनमध्ये जुनी एकही डिस्क जाणार नाही.

भाची : एकही नाही. एक कपाटात, एक जुन्या मशीनमध्ये जशीच्या तशी, आणि सगळे प्रयोग एसएसडीवर. फसलं तर पुन्हा प्रत काढा.

मामा : माझं चहा थंड व्हायच्या आतलं काम गेलं कुठल्या कुठे.

भाची : अजून संपलं नाही. ते विंडोज टाकलं केव्हा? एमबीआरचं असेल.

मामा : मूळ विंडोज ७, त्यावरून १० ला नेलेलं. एमबीआरच.

भाची : नवा बोर्ड एमबीआरवरून चालू होणार नाही, मघाची निळी स्क्रीनसुद्धा दिसणार नाही. इंटेलनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की जुन्या बायोसची सोय २०२० पर्यंत काढणार. बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या नव्या मशीनांत ती मिळत नाही. एसएसडीवरचं विभाजन जीपीटीला बदलायचं. त्यासाठी विंडोजचंच साधन आहे, एमबीआर-टू-जीपीटी, १७०३ आवृत्तीपासून. प्रायमरी विभाजनं तीनपेक्षा जास्त नसावीत, एवढं बघा. आणि ते साध्या डिस्कवरच चालतं. हा मिरर बोर्डाऐवजी विंडोजनं केलेला असता, म्हणजे डायनॅमिक डिस्क असत्या, तर त्यानं सरळ नकार दिला असता.

मामा : तिथेही आधी जोडी फोडूनच सुरुवात.

भाची : तिथे तर फोडण्यावाचून गत्यंतरच नाही. आणि जीपीटी झाल्यावर आणखी एक गोष्ट बदलते. कुठून बूट करायचं ही नोंद आता डिस्कवर नसते, बोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. जुन्या बोर्डानं लिहिलेली नोंद नव्याला माहीत नाही. नव्या गावच्या पोस्टमनला तुमचं नाव ठाऊक नसलं की तो पत्र ग्रामपंचायतीत ठेवून जातो, तसा नवा बोर्ड ईएफआयच्या विभाजनात एका ठरलेल्या जागी बघतो : ईएफआय, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४. विंडोज तिथे आपली एक प्रत ठेवतं, म्हणून बहुतेक वेळा निभतं. डेबियन लिनक्स आपणहून ठेवत नाही, त्याला सांगावं लागतं.

लिनक्सचा विषय निघाला की भाचीचा सूर बदलतो. तिथे तिला डिस्क हलवायला काहीच वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. एमडीचा मिरर कोणत्याही बोर्डावर उभा राहतो. त्याला इंटेल लागत नाही, कार्ड लागत नाही. उलट इंटेलच्या बोर्डाचा मिररही लिनक्सचं एमडीॲडम वाचू शकतं. बोर्ड जळाला तर हा रस्ता उपयोगी पडतो, आणि हार्डवेअरच्या दुकानांत तो फारसा कुणाला माहीत नसतो. झेडएफएसचा मिररही असाच कुठेही उघडतो. तरी अडचणी आहेतच, फक्त त्या डिस्कशेजारच्या गोष्टींत असतात. सुरुवातीची छोटी प्रतिमा, इनिटरॅमएफएस, जुन्याच हार्डवेअरपुरती बांधलेली असेल तर नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तिच्यात नसतो. मिररचं नाव बदलून एमडी१२७ होतं. नेटवर्क कार्डाचं नाव स्लॉटवरून ठरतं, तेही बदलतं, आणि मग सर्व्हर अगदी नीट चालू असतो पण नेटवर्कवर सापडत नाही. मॉनिटर लावल्याशिवाय ते कळायला मार्ग नसतो.

मामा : एक सांग. तुमच्या लिनक्सच्या मिररमध्ये पूर्ण डिस्कची प्रत असते, का नुसत्या विभाजनांची?

भाची : विभाजनांची. ईएफआयचं विभाजन सहसा मिररच्या बाहेर राहतं.

मामा : म्हणजे पहिली डिस्क गेली की दुसरीवर सगळा डेटा आहे, पण बूट व्हायचं दार नाही!

भाची : दुसरीवर हातानं ठेवलं नसेल तर नाही. प्रॉक्समॉक्सनं त्यासाठी वेगळं साधनच केलंय, दोन्ही डिस्कवरची ती विभाजनं जुळवत राहणारं.

मामा : बोर्डाच्या मिररमध्ये ही भानगड नाही. पहिल्या सेक्टरपासून सगळं दोन्हीवर. कुठलीही डिस्क काढ, दुसरी उभी राहते.

भाची : हे मान्य करावंच लागेल.

मामांनी इथे गुण मिळवला, आणि तो न्याय्य आहे. बोर्डाच्या मिररला ‘खोटा रेड’ म्हणून हिणवायची पद्धत आहे, कारण प्रत्यक्ष काम प्रोसेसर आणि ड्रायव्हरच करतात. पण बूट डिस्कच्या बाबतीत हा खोटा रेड काही खऱ्यांपेक्षा जास्त पूर्ण असतो. खुद्द मायक्रोसॉफ्टची अवस्था बघण्यासारखी आहे. त्यांनी डायनॅमिक डिस्क कालबाह्य ठरवल्या आणि स्टोरेज स्पेसेस वापरा म्हणून सांगितलं, मात्र एक अपवाद ठेवून : बूटचा मिरर. स्टोरेज स्पेसेसवरून सहसा विंडोज बूट करता येत नाही, त्यामुळे जे मोडीत काढलं तेच या एका कामासाठी चालू ठेवावं लागलं. बूट डिस्कचा मिरर हा विषय इतक्या वर्षांत कुणालाच नीट सोडवता आलेला नाही, असं मला यावरून वाटतं.

मामा : लायसन्सचं काय? एवढं करून ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ यायला नको.

भाची : जुनं लायसन्स मशीनबरोबर आलेलं असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं, ते तिथेच संपलं. वेगळं विकत घेतलेलं असेल तर हलवता येतं. नवं मशीन विंडोजसह आलेलं असेल तर त्याची स्वतःची की बोर्डात असते, पण ती होमची आणि डिस्कवरचं विंडोज प्रो असेल तर जुळणार नाही. मालकांना आधीच विचारा. आणि हिशेबाला टॅली आहे ना?

मामा : आहे. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करायचं, नव्यावर पुन्हा ॲक्टिव्हेट करायचं. ते मला शिकवू नकोस.

भाची : सरेंडर केव्हा करणार?

मामा : आधीच.

भाची : आणि मग नव्यावरचं विंडोज चालूच झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी बिलं कशावर करणार? नवं मशीन एक दिवस नीट चाललं की मग सरेंडर. जुन्याची डिस्क त्यासाठी तर जिवंत ठेवलीय.

मामा : हं. बिटलॉकर नाही त्यावर, नाहीतर म्हणशील ती अठ्ठेचाळीस आकडी की शोधा.

भाची : नव्यावर विंडोज ११ ला गेलात की बघा, आपोआप चालू झालेलं असू शकतं. मग डिस्क आपोआप उघडते ती त्या बोर्डाच्या टीपीएममुळेच. झालं असेल तर ती अठ्ठेचाळीस आकडी की छापून मालकांच्या फाइलला लावा, पुढच्या वेळी डिस्क हलवणाऱ्याला उपयोगी पडेल.

मामा : आणि शेवटी, सगळं चाललं की मी नव्यात दुसरी एसएसडी लावून पुन्हा मिरर करणार. आधीच सांगतो. लग्नसराईत दुपारी दोनला डिस्क गेली, तर बॅकअपमधून परत आणेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या छापखान्यात जातं.

भाची : मी एकच एसएसडी ठेवली असती आणि रोज रात्री इमेज घेतली असती, पण तुमचा मुद्दा कळतो. इंटेलचाच करणार?

मामा : इंटेलचाच. पूर्ण डिस्कचा.

भाची : मग आधी नव्या मशीनच्या विंडोजमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर टाका, मगच बायोसमध्ये ते चालू करा. उलटं केलंत तर पुन्हा सेव्हन-बी. मिरर विंडोजमधून, इंटेलच्या सॉफ्टवेअरनं बनवा. तिथे ते विचारतं की कोणत्या डिस्कवरचा डेटा ठेवायचा. दोन्ही एसएसडी एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, यादीत नावंही सारखीच. सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून घ्या आणि मग निवडा. कोरीवरून भरलेलीवर प्रत गेली, तर जोडी अगदी नॉर्मल दाखवेल. दोन्ही कोऱ्या.

मामा : चार आकडे लिहितो.

भाची : आणि झाल्यावर मशीन बंद करून पहिली काढा, दुसरीवर चालू होतं का बघा. बंद करा, पहिली लावा, रीबिल्ड पूर्ण होऊ द्या. मग दुसरी काढून तेच.

मामा : मालकांसमोर?

भाची : त्यांच्यासमोरच. त्यांनी पैसे एक डिस्क गेली तरी काम चालावं म्हणून दिलेत, तर ते चालतं का हे त्यांना दिसू दे.

मामा : आणि त्यांच्यासमोर नाही उभं राहिलं तर?

भाची : तर कपाटातली डिस्क आहे.

मामा : मग बिल दुसऱ्या दिवशी देतो.